मागे दोन खोल्या काढायच्या होत्या, मधे निळी रेषा निघाली (धुळे, देवपूर)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

देवपूरला आमचा ४० बाय ६० चा प्लॉट आहे. वडिलांनी १९८६ ला एनए (बिनशेती) लेआउटमधे घेतला अन् ८७ ला पुढच्या बाजूला २२ बाय ३० चं घर बांधलं, विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. मागे सगळं मोकळं, एक कडुनिंब, धुण्याचा दगड अन् मग जमीन हळूहळू उतरत पांझरेकडे जाते, मधे नुसत्या बाभळी.

धाकटा भाऊ २२ वर्षं सुरतला उधन्यात होता लूमवर, आता तिथलं काम बसलं म्हणून बायको अन् दोन पोरं घेऊन कायमचा येतोय. मागे त्याला दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम असं सुटं बांधून द्यायचं ठरलं. एका अंगणात पण चुली वेगळ्या, म्हणजे दोघी जावा खुश अन् आई पण खुश. आमच्याकडे श्रावणात कानबाई (खान्देशातली कुलदेवी) बसते, तेव्हा सगळे भाऊबंद येतात अन् झोपायला गच्चीवर जातात, पाऊस आला की पळापळ, म्हणून आईला तर कधीचीच खोली हवी होती.

तर एका ड्राफ्ट्समनला बोलावलं, तो म्हणे काहीच टेन्शन नाही, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) ढिगानं शिल्लक आहे अन् १५०० फुटाच्या आत परवानगीच लागत नाही आता. १० हजार ॲडव्हान्स दिला. मग साडूंच्या ओळखीनं दुसऱ्या आर्किटेक्टला नकाशा दाखवला तर त्यांनी डीपीची (शहराच्या विकास आराखड्याची) शीट उघडली अन् म्हणाले भाऊ तुमचा मागचा भाग निळ्या पूररेषेच्या आत आहे अन् राहिलेला निळ्या अन् लालच्या मधे. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणे मागे घर विसरा. पहिला ड्राफ्ट्समन आता फोन उचलत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधे पांझरेला पूर आला तेव्हा पाणी कडुनिंबाच्या बुडाशी येऊन थांबलं होतं, घरात आलं नाही. अन् वर अक्कलपाडा धरण पण आहे. मग ही रेषा कशाची? स्वतःच्या एनए प्लॉटमधे घर बांधता येत नाही असं कसं? भराव टाकून मागची बाजू उंच केली तर चालेल का? कोणाला अनुभव असेल तर सांगा, भाऊ दिवाळीनंतर येतोय.

बोरीकाठचा

आमच्याकडे अमळनेर साईडला कोणी इतकं विचारत नाही भो. चार पत्रे टाका, शनिवार-रविवारी भिंती उभ्या करा, सोमवारी चहा प्यायला बोलवा. एकदा लाईट मीटर लागलं अन् घरपट्टी सुरू झाली की कोण हात लावतं. अर्धं गाव तसंच वसलंय.

आर्की_ताई

पांझराकाठ भाऊ, आधी तुमच्या १० हजारांचं वाईट वाटलं. दुसरं म्हणजे ते "१५०० फुटाला परवानगी लागत नाही" हे व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पार बदलून गेलंय. डिसेंबर २०२० ला राज्याची जी एकत्रित नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात लहान प्लॉटला सवलत आहे, पण ते १५० चौरस मीटर म्हणजे प्लॉटचं क्षेत्र, बांधकामाचं नाही. तुमचा प्लॉट २४०० फूट म्हणजे २२३ मीटर, म्हणजे तुम्ही त्याच्या पुढच्या गटात गेलात, १५० ते ३००. अन् लहान प्लॉटलासुद्धा सवलत फाईलच्या कटकटीतून आहे, नियमातून नाही. मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, पूररेषा सगळं तिथंही पाळावंच लागतं.

एफएसआय शिल्लक आहे हे मात्र खरं. बेसिक १.१ धरला तरी २४०० चे २६४० फूट होतात अन् तुमचं बांधलेलं फक्त ६६०. म्हणून तो ड्राफ्ट्समन खुश झाला असेल. पण किती बांधायचं अन् कुठं बांधायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमचं सगळं घोडं दुसऱ्या प्रश्नात अडकलंय.

नियम साध्या भाषेत असा: नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. तिथं पार्किंग, बाग, लॉन, उघडा भाजीबाजार, सांडपाणी प्रकल्प, पाईपलाईन, सार्वजनिक शौचालय, स्मशानभूमी असलं चालतं. राहायचं नवीन घर चालत नाही. (स्मशान चालतं, घर नाही, हे क्लायंटला सांगताना दर वेळी माझंच तोंड कसंतरी होतं.) निळ्यापासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र, तिथं बांधता येतं पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर.

अन् एक चांगली गोष्ट, जी बरेच जण सांगत नाहीत. प्लॉट रहिवासी झोनमधे असेल अन् त्याचा काही भाग रेषेच्या आत गेला असेल तर त्या भागाचा एफएसआय बुडत नाही, तो तुम्ही प्लॉटच्या उरलेल्या भागावर वापरू शकता. म्हणजे मागची जमीन मोकळी ठेवा अन् तिचे फूट पुढे घ्या.

तितूर_चाळीसगाव

बोरीकाठच्या, तुझं वाचून हसू आलं अन् राग पण. ३१ ऑगस्ट २०२१ ला मी चाळीसगावात होतो. रात्रभर वर डोंगरात पाऊस, आमच्या डोक्यावर तर एवढा नव्हताच, अन् पहाटे तितूर अन् डोंगरी दोन्ही एकदम आल्या. कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद, इकडे बाजारपेठेत पाणी. आमच्या गल्लीत माझ्या काकांनी तू म्हणतोस तसंच मागे पत्र्याचं बांधलं होतं, नाल्याला खेटून. भाडेकरू होता. नशीब तो जागा होता. पत्रे, विटा, गॅसची टाकी सगळं गेलं, दोन म्हशी गेल्या. नंतर पंचनाम्याला माणूस आला तर तो विचारतो याचा उतारा कुठंय, परवानगी कुठंय. जुन्या घराची नोंद सापडली, मागच्याची कुठं सापडणार, ते कागदावर नव्हतंच.

पांझराकाठ, पाणी २०१९ ला कडुनिंबाशी थांबलं म्हणून दरवेळी तिथंच थांबेल असं धरू नका. आमच्या आजोबांनी पण भिंतीवर एक खूण करून ठेवली होती, म्हणायचे याच्या वर कधीच आलं नाही. २१ ला ती खूण पाण्यात कुठं गेली ते दिसलं पण नाही.

ओव्हरसियर_नाना

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, आता रिटायर. पोरगा टाईप करून देतोय, चुका त्याच्या.

पहिले रेषा कशाची ते समजून घ्या, म्हणजे राग कमी होईल. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं ती. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. हे १९८९ पासून खात्याच्या परिपत्रकात आहे, काल-परवा कोणी बिल्डरनं काढलेलं नाही. आता लोक काय समजतात, २५ वर्षांचा पूर म्हणजे २०१९ ला आला तर पुढचा २०४४ ला. नदीकडे कॅलेंडर नसतं. दर वर्षी २५ मधे १, म्हणजे ४ टक्के शक्यता असा त्याचा अर्थ. तुम्ही २० वर्षांचं होम लोन घेतलं तर त्या २० वर्षांत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के होते. कर्ज फिटायच्या आत पाणी येईल की नाही याचा छापा-काटा, तो पण पाण्याच्या बाजूनं झुकलेला. लाल रेषेचं तसंच काढलं तर १८ टक्के येतं, ते पण कमी नाही.

दुसरं अक्कलपाड्याचं. धरण वर आहे म्हणजे खाली पूर येणार नाही हा समज सगळीकडे आहे. आपली धरणं पाणी साठवायला बांधलेली आहेत, पूर अडवायला नाही. लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही वरची धरणं भरून वाहायला लागली की ते सगळं अक्कलपाड्यात येतं, अन् तो ऑगस्टमधे आधीच भरलेला असेल तर जेवढं आलं तेवढं खाली सोडण्याशिवाय पर्याय नसतो. उलट दरवाजे उघडल्यावर पाणी झपकन वाढतं. धरण झालं म्हणून नदीकाठी पत्रे पुढे सरकतात, अन् नेमकी तिथंच फसगत होते.

अन् पांझरेनं धुळ्याला आजच भिववलेलं नाही. १८७२ चा पूर जुन्या गॅझेटियरमधे आहे, तेव्हा गावातली शेकडो घरं गेली होती, अन् तेव्हा तर नदीत ना पूल होते एवढे ना भराव.

भरावाचं विचारलंत. निळ्या रेषेच्या आत मुरूम टाकून जागा उंच करणं म्हणजे नदीच्या पात्राचा तुकडा कापणं. तुमच्याकडून हटलेलं पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर चढेल, अन् मग त्याच्याशी तुमची आयुष्यभराची कोर्टबाजी. नका करू. अन् नुसता भराव करून तुम्ही रेषेच्या बाहेर पडत पण नाही. नकाशावरची रेषा नदीच्या हिशोबावरून काढलेली असते, तुमच्या अंगणात ट्रक रिकामा केला म्हणून ती सरकत नाही.

आमच्या आई म्हणायच्या, पहिले नदीले इचार, मंग गवंडीले.

बोरीकाठचा

बरं बरं, एवढं मारू नका मला 😅 पण खरं सांगा आमच्यासारख्यांचं काय? आमच्या गावाला बोरी नदी आहे, पण लाल-निळी रेषा कुठं काढलेली कोणी दाखवत नाही. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणे नमुना ८ आहे ना तुमच्याकडे, मग बांधा. आमचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर गावठाणात आहे अन् मागं खळं आहे नदीच्या बाजूला, तिथं पोराला बांधायचंय. म्हणून तर म्हटलं पत्रे टाका.

आर्की_ताई

आता खरं बोललात 🙂 नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद. कर भरता याचा पुरावा, बांधायच्या परवानगीचा नाही. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामाची पण घेतात, पावती दाखवून ते अधिकृत होत नाही.

रेषा काढलेली नसेल तरी अंतर आहेच. नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अन् नाला, कालवा अशा लहान प्रवाहापासून ९ मीटर, पाण्याच्या कडेपासून मोजून, तेवढ्यात बांधू नये. १५ मीटर म्हणजे सुमारे ५० फूट. टेप घेऊन खळ्यात जा अन् मोजा. उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रापासून नका मोजू, पावसाळ्यात पाणी जिथं असतं तिथून मोजा, स्वतःला फसवण्यात काय अर्थ. अन् १५ मीटर सोडले म्हणजे पाणी येणारच नाही असं पण नाही, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा सगळ्यात वर पाणी कुठं आलं होतं, ती एक रेषाच समजा.

तुम्हाला एक विचारते, खळ्यात कशाला, धाब्याच्या जागीच पाडून नवीन का नाही बांधत? गावठाणातली जुनी जागा जोत्यानं उंच असते सहसा. जुन्या लोकांनी बघूनच बसवलेली असते.

बोरीकाठचा

धाबं आबांच्या हातचं आहे ताई. ते असेपर्यंत तर नाही पाडणार कोणी. उन्हाळ्यात पंखा लागत नाही तिथं. पण टेप घेऊन जातो उद्या.

तितूर_चाळीसगाव

पांझराकाठ, आम्ही २१ नंतर काय केलं ते सांगतो, तुमच्या कामाचं आहे. आमचं पण तुमच्यासारखंच जुनं घर, मागे जागा. मागे बांधायचा विचार सोडला अन् वरती एक मजला काढला. जमिनीवर फक्त मोटरसायकली, लाकूडफाटा अन् आजीची खाट, ती काही केल्या वर येत नाही. पण काही गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्यात मोठी चूक संडासाची. वर नवीन बाथरूम-संडास काढले पण टाकी जुनीच ठेवली, अंगणातली, खोलात. पुढच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी नुसतं फुगलं, घरात आलं पण नाही, तरी खालच्या संडासातून सगळं उलटं वर आलं. ते काय असतं ते ज्यानं साफ केलं त्यालाच ठाऊक. मग गटारीच्या लाईनीवर एकाच बाजूनं उघडणारा व्हॉल्व्ह बसवला, टाकीचं झाकण सीलबंद केलं अन् हवेचा पाईप पार गच्चीच्या वर नेला. आधीच केलं असतं तर अर्ध्या पैशात झालं असतं.

दुसरं मीटर. लाईटचं मीटर, मेन स्विच, इन्व्हर्टर सगळं वर घ्या. पाण्याची मोटर पण. आमचा इन्व्हर्टर जमिनीवर होता, गेला.

तिसरं, खाली तळघर किंवा खोल पार्किंग कोणी सुचवलं तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

काळीमाती_पाचोरा

मधेच घुसतो, मी सिव्हिलवाला आहे, छोटी कामं करतो. वर मजला म्हणायला सोपं, पण पांझराकाठ भाऊचं घर ८७ चं, कॉलम नाहीत. खाली माती कोणती आहे? नदीकाठी बऱ्याच ठिकाणी वर काळी अन् खाली गाळ. काळी माती पाण्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आपल्या खान्देशात घरांना तिरक्या चिरा पडतात त्यातल्या बऱ्याच यामुळेच. एका मजल्याच्या हिशोबानं घातलेल्या पायावर दुसरा मजला चढवला अन् वरून एकदा पाणी आठ दिवस साचलं की पाया बसायला लागतो. भिंतींना आत्ताच चिरा असतील तर फोटो टाका.

आधी पायाजवळ एक खड्डा घेऊन बघा पाया किती खोल आहे, कशावर टेकलाय. मजूर लावून एका दिवसाचं काम आहे. ते न बघता "होऊन जाईल" म्हणणाऱ्या इंजिनीअरकडून काम करू नका.

पांझराकाठ

सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं, एकदा भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो काय म्हणाला माहितीये? म्हणे दादा मी २००६ ला सुरतला होतो, उकाईचं पाणी सोडलं तेव्हा चार दिवस लोकांच्या गच्चीवर काढले, बिस्किटाच्या पुड्यावर. मला तू नदीकडची खोली देऊ नको, मला पुढची दे. आम्ही इकडं त्याला विचारलंच नव्हतं कधी! अन् गंमत म्हणजे ती पण आपलीच तापी, आपली पांझरा मुडावदला जाऊन तिलाच मिळते, म्हणजे इकडून सुटला तरी पाणी तेच.

चिरा आहेत, दोन, खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेल्या. फोटो उद्या टाकतो.

आता नाना, तुम्हाला विचारतो, लेव्हल कोण काढून देईल? नुसती शीटवर रेषा बघून आर्किटेक्ट म्हणतात "अंदाजे" तुमचा मागचा १२-१५ फूट भाग निळ्यात. अंदाजेवर मी कसा निर्णय घेऊ?

ओव्हरसियर_नाना

बरोबर प्रश्न. अंदाजेवर घेऊच नका. डीपीच्या नकाशावरची रेषा लहान स्केलची असते, पेनाच्या जाडीत तुमचं अंगण जातं.

असं करा. महापालिकेच्या नगररचना विभागातून तुमच्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा अन् झोन दाखला घ्या. मग पाटबंधारे विभागात अर्ज करा, गट नंबर, प्लॉट नंबर, मोजणीचा नकाशा जोडून, अन् लिहा की या जागेजवळ निळ्या अन् लाल रेषेची पातळी किती, म्हणजे आरएल, ते कळवावं. रेषा नकाशावर असते, पण तुम्हाला पाहिजे ती पातळी, मीटरमधे. एकदा तो आकडा हातात आला की कोणताही सर्व्हेअर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन अर्ध्या दिवसात सांगेल की तुमचा जोता त्याच्या वर आहे की खाली, अन् किती. बेंचमार्क (ज्या ठरलेल्या खुणेपासून पातळी मोजतात ती) कुठला धरला ते लिहून घ्या त्याच्याकडून, नाहीतर उद्या दुसरा येऊन दुसरंच सांगेल.

तोवर घराचं पेंटिंग, टाईल्स, असल्या गोष्टीत पैसे घालू नका.

पांझराकाठ

(तीन महिन्यांनी) परत आलो. भाऊ आलाय, सध्या सगळे एकाच घरात, दोघी जावांनी गॅस वेगळा केलाय पण स्वयंपाकघर एकच, त्यामुळे रोज सकाळी कुकरवरून चर्चासत्र.

पातळी मिळाली. सर्व्हेअर आला, आईनं त्याला आधी शेवभाजी-भाकरी खाऊ घातली मग काम करू दिलं. निकाल असा: मागचा ११ फुटाचा पट्टा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे धुण्याचा दगड नदीचा, कडुनिंब आमचा. बाकी सगळं, पुढच्या घरासकट, निळ्या-लालच्या मधे. अन् लाल रेषेची पातळी आमच्या आत्ताच्या जोत्याच्या १ फूट २ इंच वर. आईला विश्वासच बसेना. मग सर्व्हेअरनं बैठकीच्या भिंतीवर खडूनं रेघ ओढून दाखवली, टीव्हीच्या टेबलाच्या थोडी खाली. ती रेघ अजून तशीच आहे, पुसू देत नाही ती.

म्हणजे ताईंच्या नियमानं नवीन बांधकाम जोत्याच्या २ फूट ८ इंच वर पाहिजे. मागे जिथं खोल्या काढायच्या होत्या तिथं जमीन जोत्याच्या ५ फूट खाली आहे, म्हणजे खोलीची फरशी जमिनीपासून ७ फूट ८ इंच वर येते! खांबावरचं घर. आई म्हणे पिठाच्या गिरणीसारखं दिसेल.

पायाचा खड्डा पण घेतला. पाया साडेतीन फूट, खाली काळी. चिरा त्याच्याच.

तर आता दोन पर्याय उरले. एक, कडुनिंबाच्या पुढे स्टिल्टवर, म्हणजे खांबांवर, दोन खोल्या, खाली गाड्या. दोन, जुन्या घराच्या वर मजला, पण जुन्या भिंतींवर वजन न देता बाहेरून नवीन कॉलम घेऊन. आईचे गुडघे दुखतात, ती खालीच राहील, भाऊ वर. खर्च दुसऱ्याचा जास्त सांगताहेत पण अंगण वाचतं अन् कानबाईला मांडव टाकायला जागा राहते. काळीमाती भाऊ, दुसरं जमेल का, का पैसे पाण्यात?

आर्की_ताई

वा, एवढं काम तर माझे निम्मे क्लायंट करत नाहीत. परवानगीच्या बाजूनं दुसरा पर्याय सरळ आहे, वरच्या मजल्याची फरशी लाल रेषेच्या कितीतरी वर जाते. ८७ ची जुनी मंजुरी अन् एनए ऑर्डर सापडली का? ती फाईलमधे लावाच. जुनं घर अधिकृत आहे हे दाखवता आलं की पुढं उद्या पाडून नवीन करायची वेळ आली तरी त्याचा उपयोग होतो. स्टिल्ट घेतलंत तर मागच्या मार्जिनमधे अन् दोन इमारतींमधल्या अंतरात तुमची जागा खाल्ली जाईल, नकाशा काढल्यावर दोन खोल्यांची दीड खोली होईल बघा.

काळीमाती_पाचोरा

जमेल. नवीन कॉलमचे फुटिंग (पाया) काळी ओलांडून खाली मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत न्या, नाहीतर पाईल (जमिनीत खोल उतरवलेले खांब). काळ्या मातीत अंडर-रीम (बुडाशी फुगीर) पाईल चालतात, पण मातीची टेस्ट करून मग ठरवा, माझ्या इथल्या बोलण्यावर नाही. जुन्या पायाला खेटून खड्डे घेऊ नका, जुना पाया सुटा पडेल अन् चिरा रुंद होतील. थोडं अंतर सोडा, वरती बीम बाहेर काढून मजला त्याच्यावर घ्या. सगळे खड्डे एकदम उघडू नका, दोन-दोन करून भरत चला. अन् हे सगळं मे संपायच्या आत जमिनीच्या वर आलं पाहिजे, उघड्या खड्ड्यात पहिला पाऊस गेला तर काळी माती चिखल होऊन परत पहिल्यापासून.

तितूर_चाळीसगाव

अन् मीटर त्या खडूच्या रेघेच्या वर घ्या. आत्ताच. मजल्याची वाट पाहू नका.

पांझराकाठ

मीटरवाल्याला उद्याच सांगतो. मंजुरीचा कागद सापडला, वडिलांच्या ट्रंकेत, १९८७ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एक कॉलम नेमका आईच्या ओट्यातून जातोय, जिथं ती संध्याकाळी बसते. तो दोन फूट सरकवता येईल का, का डिझाईनच बदलतं?

काळीमाती_पाचोरा

सरकतो. स्ट्रक्चरलवाल्याला आत्ताच सांगा, कॉलम उभा राहिल्यावर नका सांगू.